हॉलमधली हॉर्च

रविवारी सकाळी भोईरांच्या घरी गाडीचा इतिहास ठरायचा होता. पाहुणी येण्याआधी तो ठरवून टाकावा आणि ती आली की सगळ्यांनी एका तोंडाने सांगावा, असा जयदेवचा बेत होता. भोईरांनी आजवर एका तोंडाने काही केलं नव्हतं. बिल्डरकडे सह्या करायच्या दिवशीसुद्धा आधी कुणाची सही, यावरून दोघे भाऊ आठवडाभर अबोल होते. पण जयदेव थोरला मुलगा, आणि थोरल्यांना असे बेत करायची खोडच असते.

त्याची बायको अमिता सकाळपासून गाडी रिकामी करत होती. डिकीतून सुक्या बोंबलांच्या पिशव्या निघाल्या, तांदळाचा डबा निघाला. पुढच्या कप्प्यातून टीव्हीचे मेलेले रिमोट निघाले. मागच्या सीटवरून मात्र काही निघेना, कारण तिथे तिचा दीर दिलीप झोपला होता. दिलीपचं लग्न जमलं नाही, त्यामुळे त्याला वेगळी खोली कधी मिळाली नाही. वयाच्या विसाव्या वर्षी तो एका दुपारी गाडीत आडवा झाला, तो साठी जवळ आली तरी तिथेच होता.

"भावजी, उठा. पाहुणी येतेय."

"माझ्या खोलीत कोन येतंय ते मना विचारून ठरवायचं," दिलीप चादरीतून म्हणाला.

शिरवण्यातल्या या तीन मजली घराच्या हॉलमध्ये गाडी कशी आणली, असं नवा माणूस विचारायचा. गाडी घरात आणलीच नव्हती. घर गाडीभोवती बांधलं होतं. अमिताच्या सासऱ्यांनी, म्हणजे कैलासवासी पोशा भोईरांनी, अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या चारी बाजूंनी भिंती उठवल्या आणि दार ठेवलं माणसापुरतं. पुढे पैसा येत गेला तसे वर मजले चढले, खांब आले, पण खालच्या भिंती तशाच राहिल्या. एवढी महागाची जर्मन गाडी, चोरांनी नेली तर, म्हणून भिंती घातल्या असं घरात सांगायचे. अमिता लग्न होऊन आली तेव्हा तिने बिचकत विचारलं होतं, बसायचं कुठे? नवऱ्याने गाडीचं दार उघडून दिलं होतं.

तिला आता त्याचं काही वाटत नसे. मागच्या सीटवरून टीव्ही छान दिसायचा, कारण टीव्ही समोरच्या, गल्लीकडच्या भिंतीवर, गाडीच्या काचेच्या बरोबर समोर होता. बॉनेटवर पापड वाळायचे. नारळी पौर्णिमेला पूर्वी होड्यांना मुशी माशाचं, म्हणजे शार्कचं, तेल चोळायचे तेव्हा गाडीलाही चोळायचे. होड्या गेल्या, तेल चोळणं राहिलं. आणि घरात कुणाचीही हळद असो, पहिली हळद नवरा-नवरीला लागत नसे, गाडीला लागायची. बॉनेटच्या टोकावर पंख लावलेला एक गोळा होता, त्याला दोन बोटं हळद लावायची, मग पुढचं सगळं. असं का, ते कुणी विचारलं नव्हतं. देवाधर्मात का विचारणाऱ्याला भोईरांकडे जेवायला बोलावत नसत.

आता दिवाळीनंतर बिल्डर ही इमारत पाडणार होता. जयदेवच्या मुलाने, निकेशने, गाडीचा फोटो मोबाइलवर टाकला आणि खारघरहून एका बाईचा फोन आला. राजलक्ष्मी तिचं नाव. जुन्या गाड्या शोधून द्यायचं तिचं काम, आणि जर्मनीतल्या एका म्युझियमला नेमकी अशीच गाडी हवी होती.

"पण त्यांना नुसती गाडी नको असते," ती म्हणाली होती. "तिचा इतिहास लागतो. बेचाळीस सालापर्यंतचा माझ्याकडं आहे. तिथनं पुढचा तुमच्या घरानं सांगायचा. सगळ्या वारसांनी एकच सांगा बरं का. दोन इतिहास निघाले की ते अंग काढून घेतात."

आणि म्युझियमने अंग काढलं तर गाडी इमारतीबरोबर भंगारात जाणार, हे बिल्डरने आधीच सांगून ठेवलं होतं.

*

जयदेवने खुर्ची बॉनेटसमोर ओढली. सभा घ्यायची त्याला सवय होती. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून सभाच मिळत नव्हत्या, एवढंच. घरच्या सभेत तो घरचीच बोली बोलायचा, जिच्यात ड चा र होतो.

"तर सोपं हाय," तो म्हणाला. "राजेसाहेब खारीत शिकारीला आले. होरी उलटली. आपल्या बापसानं त्यांना शेंरी धरून भाएर काढलं. राजेसाहेब खूश झाले आनि गारी दिली. संपला इतिहास."

"राजाला शेंरी कुठनं आली?" गाडीच्या आतून आवाज आला.

"मग केस धरून."

"आनि बेचाळीसला बापूस केवरा होता? लंगोटी तरी नेसत होता का?"

जयदेवने खुर्ची थोडी मागे सरकवली. वडिलांचा मोठेपणा सांगताना वडिलांचं वय आडवं येतं, हा अनुभव त्याला नवा नव्हता.

"खरं मी सांगतो," दिलीप उठून बसला आणि त्याने खिडकीची काच खाली केली. "बापूस मिठागरावर मुकादम. मिठागराचा शेट बोल्ला, पोशा, एका बैठकीला टोपलीभर चिंबोऱ्या खाशील तर गारी तुझी. बापसानं टोपली संपवली आनि वर रस्सा मागितला."

"म्हंजे जर्मनीत पाटी लागनार, हावरेपनाचं बक्षीस?"

"तुझ्या पाटीवर काय, शेंरी धरल्याचं?"

"अरे पप्पा, काका, टेन्शन नका घेऊ," निकेश जिन्यावर बसून म्हणाला. त्याने गाडीच्या पुढच्या जाळीवरच्या, एकात एक अडकवलेल्या चार कड्यांचा अभ्यास केला होता आणि लहानपणापासून तो मित्रांना घरी ऑडी आहे असं सांगत आला होता. "एक जर्मन जनरल टाका मध्ये. पाणबुडीने उरणला उतरला. जर्मन लोकांना आपला माणूस दिसला की भारी वाटेल."

असा प्रस्ताव दुसऱ्या कुठल्या घरात हसण्यावारी गेला असता. इथे त्यावर चर्चा झाली. जनरल घ्यायचा तर तो चिंबोऱ्यांच्या आधी की नंतर, हा मुद्दा निघाला. शेवटी तडजोड झाली. राजेसाहेब बुडता बुडता वाचले, वाचल्यावर त्यांना भूक लागली, भुकेतून पैज निघाली, आणि पंच म्हणून जनरल बसला. दोघे भाऊ खूप दिवसांनी एकमेकांकडे बघून हसले. अमिताने चहा आणला तेव्हा जयदेव म्हणत होता, "बघ दिल्या, बसलं की जमतं आपलं."

"जमलं का?" दारातून आवाज आला. "आनि मी कुठं हाय त्यात?"

*

चंदा सीवूड्सहून रिक्षाने आली होती. दोघा भावांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली. दारात उभं राहून तिने चिंबोऱ्यांपासूनचा सगळा इतिहास ऐकला होता आणि तिचे पाय दुखायला लागले होते, पण आत येऊन बसायचं तिच्या मनात येईना.

हिश्शाचं बोलणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती सांगायची तिला या वयातही लाज वाटत होती. ही गाडी चंदा चालवायची, एवढं कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. घर पडल्यावर, गाडी गेल्यावर मग कोण म्हणणार? नवऱ्याला तिने कधी सांगितलं नाही. मुलाला सांगितलं तर तो हसला. राहिले हे दोघे, आणि हे तर जनरल आणायला निघाले होते.

"ये ताय, बस," जयदेव घाईने म्हणाला. "सगळं ठरलंय. तुला काय बोलायचं नाय. फक्त मान हलवायची."

"मान हलवायला मी काय बैल हाय?"

अमिताने नणंदेच्या हातात चहाचा कप दिला. दोघींचं फारसं सख्य नव्हतं. माहेरी आलेली नणंद आणि कालवणात जास्त झालेलं मीठ, दोन्ही काढता येत नाहीत, असं अमिता आपल्या बहिणीला सांगायची. आजही ती कप देऊन मागे सरली आणि नवऱ्याच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. तिची जागा तिथेच होती.

*

राजलक्ष्मी स्वतः गाडी चालवत आली. गल्लीच्या तोंडाशी तिने ती एका दमात भिंतीला चिकटवून लावली तेव्हा शेजारच्यांनी खिडकीतून बघितलं. हॉलमध्ये पाऊल टाकताच ती थबकली.

"हा वास कसला?"

"मुशीचं तेल," जयदेव ठेवणीतल्या भाषेत म्हणाला. "आमच्याकडे परंपरा आहे."

तिने चाकाच्या आत बोट फिरवलं, खाली वाकून टॉर्च मारला, बोट नाकाशी नेलं आणि चेहरा वाकडा केला. मग उरलेल्या तिन्ही चाकांशीही तिने तेच केलं.

"गंज नाही हो कुठं," ती म्हणाली. "खाडीच्या हवेत लोखंडाचा भुगा होतो. टायरात काय भरलंय?"

"जुनी जाळी," दिलीप अभिमानाने म्हणाला. "बापसानं भरली. मी या खोलीत ऱ्हातो."

"बाहेर येता का जरा?"

"नाय."

राजलक्ष्मीने त्याला तसाच राहू दिला आणि आपल्याकडचा इतिहास सांगितला. हॉर्च, आठ सिलिंडर. सदतीस साली जर्मनीत त्स्विकाऊ गावी तयार झाली. त्या वेळी तिकडे मोठमोठे कारखानदार, नट, अधिकारी असली गाडी बाळगायचे. अडतीसला बोटीनं मुंबईला उतरली. एका छोट्या संस्थानाच्या राजानं मागवलेली, म्हणून स्टिअरिंग उजवीकडं. पुढच्याच वर्षी लढाई लागली. जर्मन गाडीतनं हिंडणारा राजा इंग्रजांच्या डोळ्यावर यायला लागला आणि बेचाळीसला गाडी नाहीशी झाली.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली आणि तिने मोबाइल बॉनेटवर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं.

जयदेवने घसा साफ केला. राजेसाहेब आले, होडी उलटली. राजलक्ष्मी ऐकत होती. पैज लागली. ती ऐकत होती. जनरल आला तेव्हा तिने डोळे मिटले.

"पाणबुडी?" ती म्हणाली.

"छोटी," निकेश म्हणाला.

"बरं. एक विचारते. या गोळ्यावर हळद दिसतेय, कार्यात लावता ना तुम्ही? ती बॉनेटवर लावता. मग स्टिअरिंगवर कशी?"

सगळे काचेतून आत वाकले. तिने टॉर्च धरला. स्टिअरिंगच्या चाकावर, दोन्ही बाजूंना, जिथे हात धरतात तिथे, पांढऱ्या गोलावर जुना पिवळा डाग होता. आत मुरलेला. बोटंसुद्धा दिसत होती.

"ती माझी," चंदा म्हणाली.

जयदेव ताडकन उभा राहिला. "ताय, ते नको."

"का नको? इतिहास पायजे ना तिला?" चंदाने कप खाली ठेवला. "लिवून घे गो बाय. राजाकरनं गारी शेटानं घेतली, लपवायला. दोन मचवे एकाला एक बांधले, वर फळ्या टाकल्या आनि भरतीला खारीतून आनली. मिठाच्या गोदामात गोन्यांखाली ठेवली. लराई संपली, शेट म्हातारा झाला, गारी तिथंच. मिठागर बंद परायला आलं तवा शेटाची पोरं बापसाला बोल्ली, एक तर घरी ने, नाय तर खारीत ढकल. बापसानं घरी आनली. मिठाच्या ट्रकवाल्यानं त्याला शिकवायला घेतलं. बापूस दोनदा बांधावरून चिखलात गेला. मी मागं बसून बघायचे. तिसऱ्यांदा मी पुढं बसले."

"किती वर्षांच्या होता?" राजलक्ष्मीने विचारलं.

"शालेत जायचे. मग बापूस मागं बसायचा. कंबरेला रुमाल, डोक्याला लाल टोपी, हातात छत्री. आनि मी पुढं. तुर्भे, बेलापूर, कुठं कुठं नेला मी त्याला. लोक उभे ऱ्हाऊन बघायचे. तो हात करायचा राजासारखा. लय खूश असायचा तवा तो."

तिने हात वर करून तसाच हलवून दाखवला. वडील खूश असायचे हे आपण सांगतोय, याचा तिलाच राग आला.

"मग?"

"मग मना अठरावं लागलं. लायसनची तारीख घेतली ठान्याला. तारीख घेतल्यावर माझं लगीन ठरलं, आनि हळद नेमकी त्याच दिवशी. मी बोल्ले, टेस देऊन येते, दुपारच्या आत. कोन सोरनार? अंगाला हळद लागलेली नवरी. मंग मी काय केलं, बायका गानी म्हनत होत्या, तशीच उठले आनि गारीत बसले."

"ठाण्याला?" निकेश जिन्यावरून उठला. "हळदीत? आत्या!"

"आर्टीओचा साएब गारी बघतोय, मना बघतोय. शेजारी बसायलाच तयार नाय. बोल्ला, बाई, तुमी पास, पन आधी घरी जा. संध्याकाळी परत आले तर मांडव रिकामा. नवऱ्याकरचे लगीन मोरून उठून गेले, नवरी पलाली म्हनून. पलाले कुठं? पास होऊन आले ना मी." तिने पदर खांद्यावर नीट केला. "बापूस एक शब्द बोल्ला नाय. लायसन चुलीत घातलं. आनि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला."

दिलीपने मागच्या सीटवरून चारी भिंतींकडे पाहिलं.

"म्हंजे चोर नव्हते?" तो म्हणाला.

"मीच चोर," चंदा म्हणाली.

*

आता भावांची युती झाली. सकाळपासून जे चिंबोऱ्यांवरून भांडत होते, ते खांद्याला खांदा लावून उभे राहिले, म्हणजे जयदेव उभा राहिला आणि दिलीपने खिडकीतून कोपर बाहेर काढलं. वडिलांनी गाडी मुलीच्या भीतीने कोंडली, ही पाटी जर्मनीत लागणार या कल्पनेनेच जयदेवला घाम फुटला. वडिलांची काठी त्याच्या पाठीवर कैक वेळा बसली होती, पण वडील म्हणजे वडील. शिरवण्यात त्यांच्या नावाने चौक होता.

"मॅडम, ते काढून टाका," तो म्हणाला. "ताईचं वय झालंय. आमच्या घरात बायकांनी कधीच गाडी चालवली नाही. बाबांचा नियमच होता."

"मना तर पह्यल्यांदाच समजतंय," दिलीप म्हणाला. "आनि बापूस माझ्या खोलीला भिंती घालतो तो काय तायच्या रागानं? नाय. पटत नाय."

चंदा त्याच्याकडे बघत राहिली. तो चार वर्षांचा असताना तिने त्याला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला दिलं होतं. ते त्याला आठवत नाही, यात त्याचा दोष नव्हता, पण तिला फार वाईट वाटलं.

"अवो," अमिता म्हणाली.

ती अजून खुर्चीशेजारीच उभी होती. हातात रिकामा ट्रे होता.

"तुमच्या बाबांनी हा नियम कधी केला?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे? ताईंच्या हळदीच्या आधी की नंतर?"

जयदेव खुर्चीत बसला.

"निकेशला शाळेत घातलं तेव्हा मी स्कूटी मागितली होती," अमिता म्हणाली. "शाळा लांब होती. तुम्ही म्हणालात, बाबांचा नियम. मी म्हटलं, असेल काहीतरी, मोठी माणसं आहेत. पोराला कडेवर घेऊन नेरूळ स्टेशनपर्यंत चालत गेले मी. नंतर रिक्षा. तीस वर्षं रिक्षा. नियम म्हणजे मला वाटायचं देवीचा कौल वगैरे असेल." तिने ट्रे जयदेवच्या मांडीवर ठेवला. "ताईंवरचा राग होता होय तो? आणि दंड भरला मी?"

"अमिता, पाहुण्यांसमोर..."

"पाहुणीसुद्धा गाडी चालवत आलीय." ती जाऊन चंदाच्या शेजारी उभी राहिली. "मी वारस नाही, पण लिहून घ्या. आमच्याकडून हे असं आहे."

चंदाने तिच्याकडे पाहिलं. या भावजयीने केलेल्या कालवणाला तिने आजवर चांगलं म्हटलं नव्हतं.

राजलक्ष्मीने रेकॉर्डिंग थांबवलं. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. "माझी अडचण समजून घ्या," ती म्हणाली. "आता दोन इतिहास झाले. एक तिघांचा, एक ताईंचा. असं मी पुढं पाठवू शकत नाही. आणि तसंही अवघडच आहे. भिंत काढता येईल, चार इंचाचीच आहे, भार सगळा खांबांवर आहे. पण हँडब्रेक जाम झालाय. मगाशी बघितला मी. कापायला लागणार."

"जाम नाय," चंदा म्हणाली. "तुमी ढकलताय. तो आधी आनखी ओरायचा असतो."

"पन्नास वर्षं आम्ही बघतोय तो दांडा," जयदेव चिडून म्हणाला. "बाबांनी लॉक केलाय. कुणाला सुटला नाही. एवढी चालवायचीस ना तू? मग सोडून दाखव."

"दाखवू?"

"दाखव!"

"पप्पा, एक मिनिट," निकेश म्हणाला, कारण हॉलच्या फरशीला गल्लीच्या बाजूने उतार आहे हे त्याला त्या क्षणी आठवलं. धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून आजोबांनीच तो काढला होता. पण भोईरांच्या घरात एक मिनिट थांबायचा रिवाज नव्हता.

चंदा पुढचं दार उघडून आत बसली. गुडघ्यातून कळ आली. सीट खोल गेली होती तरी पाय पोचले. समोर काचेतून टीव्ही दिसत होता आणि टीव्हीच्या मागे भिंत. तिने हात त्या डागांवर ठेवले. बोटं आता जाड झाली होती, नीट बसेनात.

"ताय, मी मागं हाय बरं का," दिलीप म्हणाला.

"धरून बस."

तिने दांडा आपल्याकडे ओढला. सगळ्यांनी आयुष्यभर ढकलला होता तो दांडा. तिने तो ओढला, आणखी ओढला, टोकाचं बटण अंगठ्याने दाबलं आणि अलगद खाली सोडला. खाली कुठेतरी खट्ट झालं.

क्षणभर काहीच झालं नाही. जयदेव "बघा" म्हणणार होता. त्याने ब म्हटला, आणि गाडी निघाली.

ती जोरात निघाली नाही. एवढं अवजड धूड, टायरात जाळी, मुशीच्या तेलात मुरलेलं; ते लग्नाच्या वरातीच्या चालीने निघालं. जयदेव खुर्चीसकट बाजूला उडाला. टीव्ही आधी हलला, मग पडला. अमिता ओरडली, "ताई, ब्रेक!" आणि चंदाने ब्रेक दाबला, पण ब्रेकला पाय लागला तो तसाच फरशीपर्यंत गेला. पंखांचा गोळा भिंतीला टेकला. भिंत थोडा वेळ विचारात पडल्यासारखी उभी राहिली. मग चार इंचाच्या विटा वरून खाली सुटल्या आणि पोशा भोईरांची भिंत गल्लीत आडवी झाली.

धूळ बसेपर्यंत कुणाला काही दिसत नव्हतं. सगळ्यांनी आधी वर पाहिलं. वरचे मजले खांबांवर जसेच्या तसे होते, वर वाळत घातलेल्या साड्यासुद्धा हलल्या नव्हत्या. मग गाडीकडे पाहिलं. अर्धी हॉलमध्ये होती, अर्धी गल्लीत. बॉनेटवर विटा आणि पापड होते.

"दिल्या!" जयदेव ओरडला.

"मस्त ऊन हाय रे," आतून आवाज आला.

गल्लीत गर्दी जमली. पाण्याचे जार घेऊन आलेला एक टेम्पो समोरून शिरला आणि करकचून थांबला. टेम्पोवाल्याने आधी गाडी पाहिली, घर पाहिलं, आणि यातलं काही आपल्या आवाक्यातलं नाही हे ओळखून त्याला जे समजत होतं तेवढंच तो बोलला. त्याने हॉर्न दिला आणि डोकं बाहेर काढलं.

"ओ मावशी! गाडी मागं घ्या! रस्ता अडवलाय तुम्ही!"

चंदाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गल्लीतल्या बायकांना वाटलं म्हातारीला लागलंय, पण तिला काही लागलं नव्हतं. तिने पदराने काचेवरची धूळ पुसली.

"मागं नाय जानार!" ती ओरडली.

"अहो, मग पुढं तरी घ्या!"

अमिता गाडीच्या मागे गेली. तिने साडीचा पदर कमरेला खोचला आणि डिकीला दोन्ही हात लावले. राजलक्ष्मीने मोबाइल खिशात टाकून तिच्या शेजारी खांदा दिला. निकेश धावला. तिघांनी जोर केला तशी गाडी हलली, पण उंबऱ्याच्या विटांवर अडकली.

जयदेव हॉलच्या मधोमध उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो हॉल रिकामा होता आणि त्यात कुठे उभं राहायचं ते त्याला कळत नव्हतं. अंगावर भिंतीचा चुना होता. नऊ वर्षांचा असताना तो मांडवाच्या कडेला उभा होता आणि पिवळी झालेली बहीण याच गाडीतून, याच अंगणातून गेली होती, तेव्हा तो टाळ्या वाजवत मागे धावला होता. बापसाने त्यासाठी त्याला मारलं होतं. त्यानंतर तो चोरांची गोष्ट सांगायला लागला, आणि इतकी वर्षं सांगितली की ती त्याला खरी वाटायला लागली. आता चोरांची गोष्ट सांगायला भिंतच उरली नव्हती.

विटांवरून पाय टाकत तो गल्लीत उतरला, गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. टेम्पोवाला पुन्हा हॉर्न वाजवणार होता.

"ए, तू मागं घे!" जयदेव त्याच्यावर गरजला. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "दिसत नाय? माझी बहीन गारी कारते!"

टेम्पो मागे सरकला. जयदेवने वाटेतल्या चार विटा पायाने बाजूला केल्या. मग तो गाडीकडे तोंड करून उलटा चालायला लागला आणि त्याने हात वर करून बोटं हलवली.

"येऊ दे, ताय," तो म्हणाला. "थोरी उजवीकरं घे. आता सरळ. येऊ दे. आनखी येऊ दे."